कडी आतल्या बाजूला

ओळंब्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर लावायची गरज नव्हती. उजवा खांदाच त्याला उठवायचा. रात्री त्या कुशीवर झोप लागली की पहाटे आत कुणीतरी खिळा ठोकतंय असं वाटायचं. तो उठायचा, हात वर-खाली करून खांदा मोकळा करायचा, चहा ठेवायचा आणि थापी घेऊन दारात बसायचा.

थापी आदल्या संध्याकाळीच धुतलेली असायची. तरी तो ती पुन्हा बघायचा. कडेला सिमेंटचा एक कण राहिला तरी गिलाव्यावर रेघ उमटते. कण खरवडायचा, फडक्याने पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं. एवढं झाल्याशिवाय चहाला तोंड लावायचं नाही.

तो गवंडी होता. ओळंबा हे नाव लोकांनी ठेवलेलं. दोरीच्या टोकाला वजन बांधून गवंडी भिंत सरळ आहे का बघतो, तो ओळंबा. याला दोरीही लागत नसे. एक डोळा मिटून तो खांबाकडे बघायचा, चौकटीकडे बघायचा, रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाकडेही बघायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, डावीकडे कलला आहे.

त्याची थापी दुसऱ्या कुणाच्या हातात चालत नसे. इतक्या वर्षांत तिचं डावं टोक जास्त झिजलं होतं आणि मुठीवर अंगठ्याचा खळगा पडला होता. एकदा एका नव्या गवंड्याने ती उचलली, दोन हात मारले आणि परत ठेवली.

"तुमची थापी माझ्याशी भांडते," तो म्हणाला.

"ती माझ्या हाताची आहे," ओळंबा म्हणाला.

हत्यार हाताप्रमाणे झिजतं. झीज बघितली की हात कुणाचा ते कळतं. हे त्याला पक्कं माहीत होतं आणि याच माहितीने त्याची वाट लावली.

घर त्याने स्वतः बांधलेलं. बाहेरची लांब खोली, आत स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीच्या मागच्या कोपऱ्यात खिडकीपाशी बायकोचं शिलाई मशीन. ती पडदे शिवायची. हात असा की शिवण उलटीकडून बघितली तरी सुलटी वाटावी. बाजारातल्या एका मोठ्या पडद्याच्या दुकानाने तिला काम द्यायला सुरुवात केली, पण दुकानाची एक अट होती. मापं आणि नमुने कॉम्प्युटरवर येणार, बिलंही कॉम्प्युटरवरच करून पाठवायची.

तेव्हा ओळंब्याने एका पाण्याच्या टाकीचं काम अंगावर घेतलं. टाकीच्या आतला गिलावा कुणी आनंदाने करत नाही. आत वारा नाही, उभं राहायला जागा नाही, आणि आपलाच श्वास भिंतीवर आपटून तोंडावर येतो. कपाळाला दिवा बांधून, वाकून, त्याने ती टाकी पुरी केली. त्या मजुरीतून कॉम्प्युटर आला.

तो विकणारी बाई जुनी मशीनं उघडून दुरुस्त करायची. तिला सगळे मशीनवाली म्हणायचे. तिच्या दुकानात टेबलावर मशीनं पोट उघडून पडलेली असायची.

"डबा जुना आहे," ती म्हणाली, "पण आतलं सगळं पुसून नवं घातलंय. पहिल्यांदा सुरू केलं की काही विचारेल, त्याला हो म्हणा, म्हणजे चालू होईल."

ओळंब्याने तो खांद्यावरून घरी आणला. बायकोने कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले आणि हळूहळू शिकली. स्क्रीनच्या डाव्या कडेला चित्रांची एक पट्टी होती. वर एक लांबट चौकोन होता.

"यात शब्द लिहिला की आपण ठेवलेलं सापडतं," तिने त्याला एकदा कौतुकाने दाखवलं. "बघा, 'बैठक' लिहिलं की बैठकीच्या पडद्यांची सगळी बिलं."

"बरंय," तो म्हणाला आणि हात पाठीमागे घेतले. त्या कळांना हात लावायला त्याला भीती वाटायची. त्याची बोटं भेगाळलेली, कळा इवल्याशा.

मग मापवाला यायला लागला.

तो त्याच पडद्याच्या दुकानातला. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायचा, कापड आणून द्यायचा, शिवलेले पडदे घेऊन जायचा. उंच, सडपातळ. निळा शर्ट, इस्त्रीची घडी जागच्या जागी. अंगाला अत्तराचा वास. हातात पोलादी टेप, बटण दाबलं की सुर्रकन आपोआप आत जाणारा. ओळंब्याला सगळ्यात जास्त राग त्या टेपचा यायचा. स्वतःचा टेप त्याला बोटाने आत ढकलावा लागायचा, कारण आतली स्प्रिंग वाळूने कधीच गेली होती.

एकदा ओळंबा कामावरून येऊन मोरीपाशी हात धूत होता. मापवाला बायकोला एक कागद दाखवत होता.

"वहिनी, ही खिडकी बघा. वर रुंद, खाली अरुंद. गवंडी झोपेत होता वाटतं!"

बायको हसली. तोंडावर हात वगैरे काही नाही. खळखळून हसली.

ओळंब्याने पुन्हा हात धुतले. धुतलेलेच हात. ती खिडकी त्याची नव्हती, ते घरही त्याने बांधलेलं नव्हतं. पण ती हसली होती ना. आपण घरात येऊन बोललो आणि ती अशी हसली, असं शेवटचं कधी झालं, हे त्याला आठवेना. तो घरात बोलतच नव्हता, हे मात्र त्याला सुचलं नाही.

"फार विनोदी आहे तुझा तो मापवाला," रात्री जेवताना तो म्हणाला.

"माझा कुठला? दुकानाचा."

"तू त्याला काय म्हणतेस?"

"दादा म्हणते. अहो, काय झालं?"

"काही नाही." दादा तर ती भाजीवाल्यालाही म्हणायची. पण भाजीवाला अत्तर लावत नव्हता.

त्यानंतर तो कामावरून आला की आधी घराचा वास घ्यायचा. अत्तर आहे का. मग कपबशा बघायचा. किती धुतल्यात. मग तिच्या तोंडाकडे, एक डोळा बारीक करून.

"काय बघताय?"

"काही नाही."

एका संध्याकाळी ती बिल करत होती आणि तो मागून गेला. स्क्रीनच्या खालच्या भागात तेलाच्या बाटल्या मांडल्या होत्या. शेजारी एका माणसाची उघडी पाठ आणि त्या पाठीवर फिरणारे दोन हात.

"हे काय?"

ती दचकली. "काही नाही. आपोआप येतं." आणि तिने ते बंद केलं.

आपोआप! ओळंब्याच्या मनात पाल चुकचुकली. भिंत कधी आपोआप ओली होत नाही. कुठेतरी नळी फुटलेली असते, गच्चीला तडा गेलेला असतो. डाग दिसला की पाणी कुठून आलं ते शोधायचं. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं.

शिवलेले पडदे घेऊन ती स्वतःच दुकानात गेली, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. तो कॉम्प्युटरसमोर बसला. हात फडक्याला पुसले. वरच्या चौकोनात एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्याने 'मापवाले' लिहिलं. बिलं आली. पडद्यांची मापं, कापडांचे रंग. त्याने सगळं वाचलं. दोष काढावा असं त्यात काहीच नव्हतं.

हुशार आहे, त्याला वाटलं. नाव घालून कोण ठेवेल?

माणूस त्याच्या खुणांवरून सापडतो. म्हणून त्याने एकेक खूण लिहायला घेतली. तिने कुठे त्याच्याबद्दल चार ओळी लिहून ठेवल्या असतील, तर त्यात त्याचा शर्ट असेल, वास असेल. त्याने लिहिलं, 'निळा शर्ट'.

तिने ठेवलेलं काहीच आलं नाही. पण खाली निळे शर्ट आले. पुरुषांचे, रांगेने, बिनडोक्याच्या माणसांनी घातलेले.

यात शब्द लिहिला की आपण ठेवलेलं सापडतं, असं तिनेच सांगितलं होतं. म्हणजे हे शर्ट तिने ठेवले होते.

त्याने 'अत्तर' लिहिलं. बाटल्या आल्या. डावीकडच्या पट्टीत एका पिशवीचं चित्र होतं. हेही तिनेच तिथे लावलं असणार, दुसरं कोण लावणार? त्याने ते दाबलं तर एक अख्खं दुकानच उघडलं आणि पहिल्याच ओळीत तेच निळे शर्ट, त्याच बाटल्या. वर लिहिलेलं, 'तुम्ही पाहिलेले'.

हत्यार हाताप्रमाणे झिजतं. हे हत्यार तिच्या हातातलं. झीज समोर दिसत होती.

त्या दिवसापासून त्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ती बाहेर गेली की तो कॉम्प्युटरसमोर बसायचा. मापवाल्याच्या मनगटावर घड्याळ होतं, म्हणून त्याने 'घड्याळ' लिहिलं. घड्याळं आली. मग एकदा 'प्रवास' लिहिलं. चाकं लावलेल्या बॅगा आल्या. एक मोठी, एक लहान, दोन्ही एकाच रंगाच्या, जोडीने उभ्या.

तो बराच वेळ त्या दोन बॅगांकडे बघत बसला. तर ती जाणार होती. एवढं ठरलंय आणि आपल्याला पत्ता नाही.

त्याने जे विचारलं त्याला मशीन एकदाही नाही म्हणालं नाही.

आता त्याला एकाच गोष्टीची भीती होती. एके संध्याकाळी घरी यावं आणि शिलाई मशीन असलेला कोपरा मोकळा असावा. घर बांधलं तेव्हा पहिली वीट तिने ठेवली होती. ती गेली तर या चार भिंतींत नुसतं सिमेंट उरणार होतं. पण विचारायची हिंमत होत नव्हती. विचारलं आणि ती हो म्हणाली तर?

कामावर घमेली वाहणारी एक मावशी होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं. माल मळणारे, पाणी मारणारे, मुकादम, सगळे तिला टरकून असत. एका सकाळी ती परांचीखाली घमेलं घेऊन थांबली आणि वर बघत राहिली.

"ओळंब्या, भिंतीला कितवा महिना?"

"काय?"

"पोट आलंय तिला. बघ की."

ओळंब्याने एक डोळा मिटला. खरंच होतं. मधोमध गिलावा फुगला होता. आंधळ्यालाही हात फिरवून कळला असता.

"बायकोशी भांडलास?" मावशीने विचारलं.

"नाही."

"मग भांड. इथे भिंतीवर काढू नकोस."

मुकादम आला. त्याने हातोडी पुढे केली. एवढ्या वर्षांत ओळंब्याने स्वतःचा गिलावा कधी पाडला नव्हता. त्याने तो पाडला, ढीग गोळा करून टाकला, थापी धुतली आणि दुपारीच घरी निघाला.

घरी बायको नव्हती. शेजारच्या घरी शिलाई मशीनचं तेल मागायला गेली होती. तिचं कापड ट्रंकेत असायचं. ओळंब्याने ट्रंक उघडली. का उघडली, ते त्याला सांगता आलं नसतं. वर पडद्याचं कापड, खाली अस्तर, त्याच्या खाली कागदात गुंडाळलेला एक शर्ट.

निळा.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शर्ट हातात धरून तो उभा असतानाच दारातून आवाज आला, "वहिनी, आहात का?" मापवाला कापडाचा गठ्ठा घेऊन आत आला आणि त्याच्या मागोमाग तेलाची बाटली घेऊन बायको.

"अरे वा, आज लवकर?" मापवाला म्हणाला.

ओळंब्याने शर्ट त्याच्यासमोर धरला. "घाला."

"आँ?"

"तुमचाच आहे ना? घाला. बघू दे मला."

बायकोच्या हातातली बाटली तशीच राहिली. तिने शर्टकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर आधी लाज होती, मग काहीतरी समजल्यासारखं झालं, आणि मग तो चेहरा दगडासारखा घट्ट झाला.

"घाला, दादा," ती म्हणाली. "त्यांना बघायचंय ना."

मापवाल्याने गठ्ठा खाली ठेवला. माणूस बिचारा गांगरला होता. ग्राहकाशी वाद घालायचा नाही या सवयीने त्याने तो शर्ट आपल्या शर्टावरच चढवला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या. डावा खांदा बसला. उजवा मात्र रिकाम्या पिशवीसारखा लोंबत होता.

मापवाल्याचा धंद्याचा डोळा जागा झाला. त्याने उजव्या खांद्याची शिवण चिमटीत धरली. "हा इथे मुद्दाम उसवून सोडलाय. दोन बोटं जास्त. कुणाचा तरी उजवा खांदा मोठा आहे." बोलता बोलता त्याचं लक्ष ओळंब्याच्या उजव्या खांद्याकडे गेलं. आयुष्यभर थापी मारून फुगलेल्या त्या खांद्याकडे. शर्ट काढून त्याने नीट घडी घातली आणि बायकोच्या हातात दिला.

"वहिनी, कापड उद्या देतो," असं म्हणून तो निघून गेला. गठ्ठा तिथेच विसरला.

"आता तुम्ही घाला," बायको म्हणाली.

"राहू दे."

"घाला म्हटलं ना."

त्याने घातला. उजवा हात वर केला. बाजारातला कुठलाही शर्ट त्या बाजूला काखेत धरायचा. हा धरला नाही.

ती खाली बसली. "कॉम्प्युटर उघडला की निळे शर्ट दिसायचे. मी तर असलं काही बघत नाही. मग वाटलं, मी नसताना तुम्ही बसता. माणसाला शर्ट हवा असेल, सांगायला लाजत असेल. म्हणून माझ्या पैशांतून आणला आणि तुमच्या अंगाचा केला. मग घड्याळं दिसायला लागली. मग बॅगा. दोन बॅगा. मला वाटलं, मला कुठेतरी घेऊन जाणार आहात."

ओळंब्याला तोंडात मारल्यासारखं झालं.

"तुम्ही काय शोधत होता?"

"मला वाटलं, तू... तुला शोधत होतो. त्याच्याबरोबर."

"मी काही लपवलं असेल म्हणून माझ्या कामात हात घालून?"

ती उठली, कॉम्प्युटर बंद केला आणि त्यावर पडद्याचं कापड टाकलं. रात्री जेवण वाढलं, पण त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ओळंब्याला वाटलं, आता आपण ओरडलो तर सोपं जाईल. पण ओरडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मशीनवालीकडे चला. मला एक विचारायचंय." त्याने डबा खांद्यावर घेतला. डाव्या खांद्यावर.

मशीनवालीने तो जोडला आणि पट्टीतल्या पिशवीच्या चित्रावर बोट ठेवलं.

"हे तुमच्यापैकी कुणी लावलं नाही आणि मीही नाही. हा शॉर्टकट मी आत घातलेल्या सॉफ्टवेअरबरोबरच आलाय. बनवणाऱ्यांनी आधीच लावून दिलेला."

"आणि वरचा चौकोन?" बायकोने विचारलं. "तो तर आपलं ठेवलेलं शोधतो ना?"

"शोधतो. पण तुम्ही लिहिलेला शब्द बाहेर दुकानालाही पाठवतो. दुकान आपला माल पाठवतं, तो तुमच्या कागदांच्या खाली मांडला जातो. काही विकलं गेलं की सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही वाटा."

ओळंबा पुढे झाला. "म्हणजे आपण घरात कपाटात काही शोधायला हात घातला की रस्त्यावरच्या दुकानदाराला कळणार?"

"तसंच."

"कुणाला विचारून?"

"पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा लांबलचक मजकूर आला असेल. खाली 'मान्य'. कुणी दाबलं?"

"मी," बायको म्हणाली. "त्याशिवाय पुढे जातच नव्हतं. आणि काही विचारलं तर हो म्हणा, असं तुम्हीच सांगितलं होतं."

मशीनवालीने आपला कान पकडला. "सांगितलं होतं खरं. मी सगळ्यांनाच सांगते."

"मी इतकी घरं बांधली," ओळंबा म्हणाला. "मालकाला न सांगता भिंतीत भोक कधी ठेवलं नाही."

"तुम्ही मालकाच्या पैशावर बांधता. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यांनी भोकातूनच पैसे काढायचे ठरवलं."

"मग ते चित्र काढून टाका."

"चित्र काढलं तर फक्त चित्र जातं. शब्द जातच राहतात. ते दुसरीकडे बंद करावं लागतं." तिने स्क्रीनवरच आत कुठेतरी जाऊन एक खूण काढली, मग ते पिशवीचं चित्रही पुसलं. "झालं. आता घरातलं घरात."

"एक विचारू?" बायको म्हणाली. "मागे मी 'खांदा' लिहिलं होतं. यांच्या खांद्याच्या एक्स-रेचा फोटो ठेवला होता, तो शोधायला. तेव्हापासून तेलाच्या बाटल्या दिसायच्या. ते त्यामुळेच?"

"त्यामुळेच."

ओळंबा भिंतीला टेकला. दवाखान्यात जायचं नाही, असं त्याने घरात ठणकावून सांगितलं होतं. एकदाच काढलेला एक्स-रे कुठे पडलाय याची त्याला फिकीर नव्हती. तिने तो जपून ठेवला होता. तो नसताना काढून बघत होती. विचारलं तर हा चिडेल म्हणून 'काही नाही' म्हणाली होती. ती उघडी पाठ, ज्यावरून त्याच्या डोक्यात पहिली ठिणगी पडली, ती त्याच्याच खांद्यावरून आली होती.

आणि कुठल्या तरी लांबच्या दुकानाला हे त्याच्या आधी कळलं होतं. तिला रात्री त्याच्या खांद्याची काळजी लागते, हे नवऱ्याला माहीत नव्हतं, तेल विकणाऱ्याला माहीत होतं. मापवाल्याचा आला नव्हता एवढा राग त्याला त्या न दिसणाऱ्या माणसाचा आला. मापवाल्याची निदान कॉलर तरी धरता आली असती.

"गेलेले शब्द परत मागवता येतात?" त्याने विचारलं.

"नाही," मशीनवाली म्हणाली.

"माझे पण नाही?"

"कुणाचेच नाही."

म्हणजे त्याचा संशयही तिकडे जाऊन पडला होता. शर्ट, अत्तर, घड्याळ, प्रवास. झीज अगदी बरोबर होती. फक्त हात त्याचा होता.

परत येताना बायको पुढे चालत होती. कोपऱ्यावर थांबून ती म्हणाली, "बाहेरच्याचं भोक ताईंनी बुजवलं. घरातल्याचं कोण बुजवणार?"

बोलून बुजणारं ते नव्हतं.

गावाबाहेर एका मोकळ्या जागेला कुंपणाची भिंत घालायचं काम निघालं होतं. सावलीचं झाड नाही, पाणी लांबून आणायचं, म्हणून कुणी हात लावत नव्हतं. ओळंब्याने ते घेतलं. उन्हात उभं राहून त्याने ती भिंत घातली. मावशी घमेली देत होती. एकदा ती म्हणाली, "आता सरळ येतेय. भांडलास वाटतं."

"नाही. हरलो."

"तेच बरं," ती म्हणाली आणि रिकामं घमेलं घेऊन गेली.

कुंपणावरून आला की जेवणाआधी तो घरातलं काम करायचा. बाहेरच्या खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, शिलाई मशीन आणि कॉम्प्युटरच्या भोवती, त्याने विटांची भिंत उचलायला घेतली. बायकोने पहिल्या दिवशी विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "खोली." तिने पुढे विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा विटा भिजवून ठेवलेल्या होत्या. गिलावा त्याने दोन्ही बाजूंनी केला. आतून जास्त गुळगुळीत.

मापवाला आला तेव्हा तिने त्याला आत बोलावलं. "दादा, एवढ्या खिडकीचं माप घ्या. माझ्याच खोलीला पडदा नाही."

मापवाल्याने टेप काढला आणि दुसरं टोक धरायला कुणी आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. ओळंब्याने टोक धरलं. त्याने अंगावर निळा शर्ट घातला होता. मापवाल्याने वर मोजलं, खाली मोजलं.

"सारखंच," तो म्हणाला. "गवंडी जागा होता."

बायको हसली. तशीच, खळखळून. ओळंब्याच्या पोटात दुखलंच. अजूनही दुखलं. पण त्याने टोक सोडलं नाही.

दार सुताराकडून नवं करून घेतलं. जुनं बसवून भागलं असतं, त्याने ते बघितलंही नाही. सुताराने विचारलं, "कडी कुठे मारू? बाहेरून का आतून?"

"आतून."

"आणि बाहेरून?"

"बाहेरून काही नको. नुसतं लाकूड."

दार बसलं त्या संध्याकाळी बायकोने ते लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला. मग शिलाई मशीन चालू झालं. ओळंबा या बाजूला उभा राहिला. ती आत काय शोधते, काय लिहिते, कुणाला काय सांगते, ते त्याला दिसणार नव्हतं. त्याने एक डोळा मिटून दाराकडे पाहिलं. सरळ होतं. मग त्याने चहा केला आणि कप घेऊन दारावर टकटक केली. मशीन थांबलं. कडी निघेपर्यंत तो तिथेच थांबला.

उन्हातल्या त्या कुंपणाच्या मजुरीतून दार आलं आणि त्याची कडी आली.